कपाळावरची दिनचर्या

कपाळावरील गंध, भस्म वा कुंकू यांचा अर्थ सांगताना बहुधा दोन स्पष्टीकरणे पुढे केली जातात : एक, ती संप्रदायाची खूण आहे, आणि दुसरे, भुवयांमधील ते स्थान योगशास्त्रातील आज्ञाचक्राचे आहे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु बंगळुरूच्या बसवनगुडी भागात दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या प्रस्तुत लेखिकेचा अनुभव असा, की ती अपुरी पडतात, कारण तेथील अनेक घरांत हे चिन्ह त्या दिवशी घडलेल्या उपासनेची साक्ष म्हणून धारण केले जाते.

संप्रदायभेद नवख्या मराठी माणसालाही लवकरच ओळखता येतात. अय्यंगारांच्या कपाळावर तिरुमण या पांढऱ्या मातीच्या उभ्या रेषा असतात. वडकलै शाखेत त्या भुवयांच्या मध्यापाशी वळून जुळतात, तर तेंकलै शाखेत त्यांना नाकाच्या मुळावर उतरणारा पाद असतो. ही माती मंड्या जिल्ह्यातील मेलुकोटेची प्रसिद्ध, आणि मधली रेघ ज्या श्रीचूर्णाची असते ते हळदीपासून बनते, म्हणजे मराठी घरातील कुंकवाशी त्याचे जवळचे नाते आहे, कारण पारंपरिक कुंकूही हळदीवर क्षाराची प्रक्रिया करूनच तयार होते. लिंगायतांत भस्माचे आडवे पट्टे असतात, आणि तेथे विभूती ही अष्टावरणांपैकी, म्हणजे साधकाचे रक्षण करणाऱ्या आठ आवरणांपैकी, एक मानली जाते.

परंतु लेखिकेची समजूत खऱ्या अर्थाने बदलली ती माध्वांच्या, म्हणजे मध्वाचार्यांच्या द्वैत मताच्या अनुयायांच्या, शेजारामुळे. स्नानानंतर गोपीचंदन, म्हणजे द्वारकेजवळच्या गोपी तलावाशी जोडली गेलेली पिवळसर माती, पाण्यात उगाळून विष्णूची केशव, नारायण आदी बारा नावे उच्चारत शरीरावर बारा ठिकाणी लावली जाते, आणि त्यांत कपाळाचे स्थान केशवाचे असते. देवापुढील धुपाच्या उरलेल्या कोळशाची काळी उभी रेघ, जिला अंगार म्हणतात, ती पूजेनंतर त्यावर ओढली जाते, आणि अक्षते या नावाचा गडद ठिपका नैवेद्यानंतर, भोजनापूर्वी लावला जातो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या कपाळावर एके दिवशी हा ठिपका नसल्याचे पाहून लेखिकेने विचारणा केली, तेव्हा त्यांनी ‘आज एकादशी’ एवढेच उत्तर दिले. त्या दिवशी उपवास असल्याने अन्नाशी जोडलेली खूण धारण केली जात नाही, हे ध्यानात आल्यावर त्या कपाळावर तिथी वाचता येऊ लागली, आणि पूजा कुठवर आली आहे हेही. अंगार ही देवाला अर्पण केलेल्या धुपाचाच शेष असल्याने, ती लावणे म्हणजे प्रसाद अंगावर बाळगणे होय. या साध्या आशयापुढे आज्ञाचक्राचे विवेचन लेखिकेला दूरचे वाटते.

आषाढ शुद्ध एकादशीला हा आशय अधिक उघड होतो. बसवनगुडीतील उत्तरादि मठासारख्या माध्व मठांत त्या दिवशी तप्तमुद्राधारण होते, म्हणजे होमाग्नीत तापवलेल्या धातूच्या मुद्रांनी उजव्या दंडावर चक्र आणि डाव्या दंडावर शंख उमटवला जातो, आणि त्यासाठी भाविकांच्या लांब रांगा लागतात. त्याच एकादशीला पंढरीत गोपीचंदनाचा टिळा व बुक्का लावलेले वारकरी जमलेले असतात. हरिदास म्हणवल्या जाणाऱ्या माध्व संतकवींपैकी पुरंदरदासांनी (सुमारे 1484–1564) आपल्या पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ ही नाममुद्रा योजली, त्यामुळे कर्नाटकातील हरिदास आणि महाराष्ट्रातील वारकरी एकाच देवाकडे पाहत आले आहेत. बंगळुरूत राहून घरच्या बुक्क्याच्या डबीकडे पाहताना लेखिकेला हे नाते पुस्तकांपेक्षा अधिक निकटचे झाले.

स्त्रियांच्या कुंकवाविषयी मात्र असे समाधान लाभत नाही. श्रावणातील वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारी बंगळुरूतील घरोघरी सुवासिनींना ‘अरिशिन-कुंकुम’, म्हणजे हळदकुंकू, दिले जाते, आणि मराठी हळदीकुंकवाप्रमाणेच त्यातही विधवांना बहुधा वगळले जाते. पुरुषाचे गंध त्याच्या स्वतःच्या आचारातून येते, आणि स्त्रीचे कुंकू मात्र पतीच्या आयुष्याला बांधले जाते, हा भेद लेखिकेला अन्यायाचा वाटतो. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. त्यानंतर लेखिकेने बंगळुरूतील आपल्या घरच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पूर्वी न बोलावलेल्या शेजारणींनाही बोलावले. त्यांपैकी काहींनी कुंकू लावून घेतले, काहींनी केवळ हळद आणि तिळगूळ घेतला, आणि एका ज्येष्ठ बाईंनी सवय मोडवत नाही असे सांगून येण्याचे टाळले, तरी पुढील संक्रांतीचे आमंत्रण त्यांनाही दिले जाते.