अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

वडोदऱ्यातल्या एका मराठी घरातल्या सूनबाई घरबसल्या लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतात. शेजारपाजारची, नात्यातली मिळून चाळीसएक माणसं. २०२३च्या मे महिन्यात सुरतेहून परतताना गाडीत त्यांची बॅग चोरीला गेली. बॅगेत लॅपटॉप होता. यंत्र गेल्याचं दुःख दोन दिवसांत ओसरलंही असतं, पण भाच्यानं विचारलं, "मामी, डिस्क एन्क्रिप्ट केली होती का?"

"पासवर्ड होता की!"

भाचा जरा वेळ गप्पच बसला. मग म्हणाला, पासवर्ड ही नुसती पुढच्या दाराची कडी. चोरानं डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की कडी जागच्या जागी राहते आणि आतलं सगळं उघडं पडतं. सगळं म्हणजे लोकांचे पॅन क्रमांक, बँकेचे उतारे, एका विधवा शेजारणीच्या ठेवींची यादी. पुढचे तीन दिवस सूनबाई एकेकाला फोन करून हे सांगत होत्या. कुणी रागावलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं. दोघांनी मात्र त्या वर्षी काम दुसरीकडे दिलं.

नवा लॅपटॉप आला तेव्हा भाच्यानं पहिल्याच दिवशी बिटलॉकर चालू करून दिला. विंडोजमध्ये २००७ सालापासून ही सोय आहे. ॲपलच्या संगणकात तिचं नाव फाइलव्हॉल्ट. डिस्कवर जे जे लिहिलं जातं ते कुलूपबंद होऊनच लिहिलं जातं, आणि वाचताना आपोआप उघडतं. काम करणाऱ्याला काही वेगळं करावं लागत नाही. किल्ली यंत्रातल्याच टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते. ओळखीचं यंत्र असेल तरच ती किल्ली देते. सुटी काढलेली डिस्क दुसरीकडे लावली तर नुसता कचरा दिसतो. विंडोजचा पासवर्ड मात्र तरीही भक्कम लागतो, आणि लॅपटॉप उघडा टाकून चहाला गेलं तर या कुलपाचा काही उपयोग नाही.

चालू करताना यंत्र एक प्रश्न विचारतं: अडीअडचणीसाठी ४८ आकड्यांची किल्ली कुठे ठेवायची? मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, दुसऱ्या एखाद्या डिस्कवर, की कागदावर छापून? खात्याचे पासवर्ड विसरण्यात सूनबाईंचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी कागद छापला, घडी केली आणि लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवून दिली. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत! भाच्याच्या ते लक्षातच आलं नाही.

वर्षभर काही जाणवलंही नाही. मग २०२४च्या जुलैत वीज वरखाली झाली आणि लॅपटॉप बंद पडला. विवरणपत्रं भरायची शेवटची तारीख ३१ जुलै, हातात दहा दिवस. दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड बदलला. नवा बोर्ड म्हणजे नवी चिप, तिला जुन्या डिस्कची ओळख कुठून असणार? निळ्या पडद्यावर यंत्रानं ४८ आकडे मागितले. दुरुस्तीवाला म्हणाला, "किल्ली नसेल तर डिस्क पुसून नव्यानं सुरू करावं लागेल." त्याचं काही चुकत नव्हतं. या कुलपाला मागचं दार नसतं.

बॅगेचे सगळे कप्पे उलटे केले, कागद नाही. अर्धवट राहिलेली अठरा विवरणपत्रं त्या डिस्कवर होती आणि पेनड्राइव्हवरची नक्कल मार्चमधली. उशीर झाला तर विलंब शुल्क पाच हजारांपर्यंत, तेही लोकांच्या खिशातून. रात्री सूनबाई जेवल्या नाहीत.

"तो आकड्यांचा कागद शोधत्येस का गं?" सासूबाईंनी विचारलं. "तो मी मागेच कपाटात ठेवला. बॅग धुवायला काढली होती. सरकारी काहीतरी वाटलं."

एलआयसीच्या पॉलिसींखालून कागद निघाला. सासूबाईंनी चष्मा लावून वाचायला घेतलं: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ने पूर्ण भाग जातो, म्हणून एखादा आकडा चुकला तर यंत्राला ते ओळखता येतं. पाचव्या गटाला सासूबाईंनी एकोणसत्तरला एकोणऐंशी म्हटलं आणि गाडी अडली.

"आई, एकेक आकडा सुटा सांगा ना."

"बरं बाई. सहा... नऊ..."

साडेदहाला विंडोज उघडलं. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी सगळ्या फायलींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेतली, तिलाही कुलूप घातलं. कागदाची एक प्रत नणंदेकडे गेली. मूळ कागद कपाटातच आहे, आणि सासूबाईंच्या वहीत गॅसच्या नंबराखाली, त्यांच्या अक्षरात, ते अठ्ठेचाळीस आकडेही.