बारा अंश

गोव्याच्या वेशीवरच्या आमच्या दोडामार्गात भेटवस्तूंना धरबंद नाही. पणजीच्या भाच्याने वाइन थंड ठेवायची पेटी आणली. आमच्याकडे वाइन पिणारा कोणी नाही. तेव्हा तिच्यात कोकम सरबताच्या बाटल्या विराजमान झाल्या.

एप्रिलात सरबत कोमट लागू लागले. दारावरचा आकडा मात्र ठाम : 12. "तू दार उघडं टाकतेस," असा निकाल मी सौभाग्यवतीवर दिला.

"मी कवाधरून सांगतंय, बाटल्यो कोमट आसत," ती म्हणाली आणि दोन दिवस बोललीच नाही. पण लुकलुकत्या आकड्यापुढे बायकोचा हात कोण मानतो?

शेवटी मेकॅनिक आला. आतला मण्याएवढा सेन्सर काढून त्याने बर्फाच्या पाण्यात बुडवला. गारव्याने त्याचा विद्युतरोध वाढायला हवा आणि आकडा शून्याकडे उतरायला हवा. आकडा 12 वरच! हातातला मीटरही ढिम्म.

"हो मेलो! बारा झाले म्हणून हा सांगतो, आणि पेटी निवांत झोपते."

नवा सेन्सर बसला. दुसऱ्या दिवशी पहिला पेला मी स्वतः सौभाग्यवतीला नेऊन दिला. तिने पेल्याला नुसता हात लावला आणि म्हणाली, "आता बारा."