सस्पेन्स अकाउंट

आमच्या खामगावला रजतनगरी म्हणतात. इथली चांदी घ्यायला माणसं कुठून कुठून येतात आणि जोडव्यांपासून निरांजनापर्यंत सगळं घेऊन जातात. अशा गावात राहायचं, त्यातून बँकेत नोकरी करायची, म्हणजे आपल्याला धातूंतलं थोडंफार कळतं अशी माणसाची समजूत होते. माझीही होती. सोनं तारण ठेवायचं असतं, चांदी लग्नात द्यायची असते, तांबं पूजेला लागतं आणि पितळ कधी ना कधी उघडं पडतं! एवढ्या भांडवलावर बी.कॉम. सेकंड क्लास माणसाचं आयुष्य सुखानं जाऊ शकतं. माझं पंचेचाळिशीपर्यंत गेलंही. मग भाचीनं रुथेनियम काढलं.

भाची म्हणजे आमच्या थोरल्या ताईची मुलगी. पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. तिच्या विषयाचं मराठी नाव मी मोठ्या हौसेनं लिहून घेतलं होतं: ‘सेंद्रिय संश्लेषणातील रुथेनियम-उत्प्रेरित अभिक्रिया.’ कागद पाकिटात ठेवायचा आणि कुणी विचारलं की काढून वाचायचा. पण आमच्याकडे ‘सेंद्रिय’ या शब्दाला अर्थ एकच. पहिल्याच महिन्यात तीन खातेदारांनी गांडूळखताबद्दल विचारलं. चौथ्यानं तर नमुन्याची पिशवीच काउंटरवर आणून ठेवली. शेवटी मी कागद घरी टाकला. हिनं त्याच्या पाठीवर दुधाचा हिशेब मांडला, आणि विषयाचा काही उपयोग झाला.

एक सराफ खातेदार मात्र दर्दी. त्यांनी नाव ऐकलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, “तोळ्याला काय भाव?”

हे असंच चाललं असतं. पण गेल्या पावसाळ्यात अकोल्याहून स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, घर स्वतःचं, माणसं बोलायला गोड. अट एकच: लग्न दिवाळीनंतर लगेच आणि मुलीच्या शिक्षणाचं ‘मग बघू’. भाचीचं चौथं वर्ष चालू. ताईला स्थळ सोडवेना. भाऊजी काहीच बोलेनात. ते कापूस पिकवणारे गृहस्थ, बोलून काही होतं यावर त्यांचा विश्वास नाही. अखेर ताईनं फर्मान काढलं, “तू बँकेतला माणूस. रोज लोकांना समजावतोस. पुण्याला जा आणि तिला समजाव.”

आता, बँकेत आम्ही लोकांना फक्त ‘सही जुळत नाही’ एवढंच समजावतो, हे ताईला कोण सांगणार? शेगावची कचोरी बांधून घेतली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो.

पंडित नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी ही प्रयोगशाळा देशाला अर्पण केली, हे मी जाताना वाचून ठेवलं होतं. मामानं कोरडं जाऊ नये म्हणून. भाचीनं ते कौतुकानं ऐकून घेतलं आणि मला कॅन्टीनमध्ये बसवलं. मी घसा खाकरला, अकोल्याचा विषय जिभेवर आणला आणि ऐन वेळी धीर सुटून विचारलं, “तोळ्याला काय भाव असतो गं याचा?”

“चांदीच्या कितीतरी पट, मामा. जगभरात वर्षाला तीसेक टनच निघतं.”

तीस टन म्हणजे तीन ट्रक! आमच्या बाजार समितीत हंगामात एवढा कापूस सकाळच्या चहाआधी उतरतो.

“आणि हे सापडलं कुठे ठाऊक आहे का? टांकसाळीच्या गाळात.”

टांकसाळ म्हटल्यावर मी सावरून बसलो. हे आमचं खातं. रशियानं १८२८ ते १८४५ या काळात प्लॅटिनमची नाणी पाडली होती. ते प्लॅटिनम शुद्ध करताना उरलेला गाळ कझानच्या कार्ल क्लाउस नावाच्या प्राध्यापकानं मागवून घेतला, उकळला, आटवला, आणि १८४४ साली त्यातून नवा धातू काढला. किती? सहा ग्रॅम. रशियाचं लॅटिन नाव रुथेनिया, म्हणून हा रुथेनियम. बर्झेलियस या त्या काळच्या बड्या पंडितानं आधी ‘हे अशुद्ध इरिडियम आहे’ म्हणून शेरा मारला आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला. (आमच्या ऑडिटरनं आजवर एकही शेरा मागे घेतलेला नाही.) या क्लाउसला म्हणे रसायनं चाखून पाहायची खोड होती. त्यापायी त्यानं तोंडही पोळून घेतलं होतं. मी हातातल्या चहाकडे एकदा नीट पाहिलं.

“पण तू त्याचं करतेस काय?”

भाचीनं कचोरीच्या कागदावर काड्या काढल्या. कार्बनचे दोन अणू कधी कधी दोन्ही हात धरून उभे असतात, फुगडी घालणाऱ्या पोरींसारखे. अशा दोन जोड्यांतल्या जोडीदारांची अदलाबदल करायची. आपण होऊन त्या हात सोडत नाहीत. तिथं रुथेनियम लागतं. या प्रकाराला मेटॅथेसिस म्हणतात.

“म्हणजे म्यूच्युअल ट्रान्सफर!” मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरचे दोन शास्त्रज्ञ वळून पाहू लागले. पण मला राहवेना. बारा वर्षांपूर्वी मी मेहकरला सडत होतो आणि खामगावला बसलेल्या एकाला मेहकर हवं होतं. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. युनियनच्या एका पुढाऱ्यानं गाठ घालून दिली. आम्ही दोघं हललो, पुढारी आपल्या खुर्चीत होता तसाच. “तोच तुझा उत्प्रेरक. स्वतः काही करायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. शाळेत आम्हाला हेच शिकवलंय.”

“शाळेत अर्धंच शिकवतात, मामा. तो नुसता बसत नाही, मध्ये पडतो. रुथेनियमनं आधीच एक कार्बन धरलेला असतो. समोर जोडी आली की चौघांचं रिंगण होतं. रिंगण सुटतं तेव्हा रुथेनियमच्या हातात जोडीतला एक, आणि त्याचा आधीचा कार्बन दुसऱ्याबरोबर गेलेला. मग हा नवा कार्बन घेऊन ते पुढच्या जोडीकडे.”

मी थोडा वेळ कागदाकडे बघत राहिलो. मग डोक्यात लख्ख पडलं. सस्पेन्स अकाउंट! ज्या रकमेचं खातं ठरलेलं नसतं ती आम्ही तात्पुरती सस्पेन्सला घेतो. आली की जाते, दुसरी येते, तीही जाते. उलाढाल लाखाची, आणि मिटवल्यावर शिल्लक शून्य. भाचीनं टाळी दिली. “हे मी माझ्या व्याख्यानात सांगणार!” शास्त्रात माझी भर एवढीच, पण आहे.

हे रिंगण १९७१ साली कागदावर मांडलं फ्रान्सच्या शोव्हँ यांनी. त्याला चालतील असे उत्प्रेरक अमेरिकेत श्रॉक यांनी मॉलिब्डेनमचे केले, पण ते फार नाजूक, हवा लागली की बिघडायचे. १९९२ साली ग्रब्ज यांनी रुथेनियमचा केला, तो हवापाण्याला बराच टिकला. पुढची सुधारलेली पूड तर वांग्याच्या सालीसारखी जांभळी आणि तोलायला, हाताळायला सोपी. तिघांना मिळून २००५ चं नोबेल. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक संबाशिवराव कोठा यांनी याच पद्धतीनं नाना तऱ्हेची कार्बनी कडी जुळवण्यात वर्षानुवर्षं घातली.

भाचीच्या त्या आठवड्यात अकरा अभिक्रिया फसल्या होत्या. बारावी रात्री लावून ठेवलेली.

मग मी अकोल्याचं सांगितलं. पाठ केलेलं सगळं सांगितलं, घर स्वतःचं आहे हे दोनदा. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मामा, मला लग्न नकोय असं नाही. दीड वर्ष राहिलंय. तेवढं थांबतील का, एवढंच विचारा.”

“आणि नाही थांबले तर?”

ती उठली आणि आणखी दोन चहा घेऊन आली. परतताना बसमध्ये मला झोप लागली नाही. मीही एम.कॉम.चा फॉर्म भरला होता. नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, मग बघू. ती एन्ट्री अजून सस्पेन्सलाच पडून आहे.

ताईला कसं सांगावं हे ठरेना, म्हणून आधी भाऊजींना गाठायला शेतावर गेलो. कापूस कमरेला लागला होता. भाऊजी काठीला टांगलेल्या नरसाळ्याच्या सापळ्यापाशी उभे होते.

“ते पोट्टी नेमकं करते काय, ते सांग मले. लग्नाचं मंग पाहू.”

चार वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला होता. मी फुगडी सांगितली, सस्पेन्स सांगितलं. भाऊजींचा चेहरा कोरडा. ग्रब्ज हा खेड्यातला पोरगा, कॉलेजात असताना गुरांचं शेण तपासायचं काम करत होता आणि तिथून रसायनांकडे वळला, एवढंच त्यांना पटलं. “मंग बराबर हाय,” म्हणाले.

मग मला सापळाच दिसला. त्यातल्या त्या छोट्या रबरी ल्युअरला मादीचा वास असतो. नर पतंग स्थळ पाहायला म्हणून येतो आणि पिशवीत पडतो. त्या वासाचं द्रव्य म्हणजे कार्बनची लांब साखळी, आणि हात धरलेली जोडी तिच्यात नेमक्या जागी, नेमक्या बाजूला वळलेली लागते. वळण चुकलं की पतंग ढुंकून पाहत नाही. ही द्रव्यं जुन्या पद्धतींनीही बनतात, पण त्या वाटा लांबच्या. ग्रब्ज यांच्या गटानं २०१३ साली कितीतरी किडींची अशी द्रव्यं रुथेनियमनं, हवं ते वळण राखून, थोडक्या पायऱ्यांत करून दाखवली. “पोरगी हेच करत नाही, पण याच घराण्यातलं करते.”

भाऊजींनी ल्युअरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला, तेव्हा त्यांनी उभ्या पिकात ढोरं सोडली होती. भाची बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. तिची फी भरायला ताईच्या पाटल्या आमच्याच काउंटरवर आल्या. वजन मी लिहून घेतलं होतं.

भाऊजींनी खिशातून फोन काढला, बांधावर जिथं रेंज येते तिथं जाऊन उभे राहिले आणि अकोल्याला लावला. “दीड वर्ष थांबत असान त पाह्यजा... नाई, नाई, पोट्टीचं कामच तसं हाय... बरं, सांगजा.” फोन ठेवला. तिकडून काय उत्तर आलं ते मी विचारलं नाही. ताईला हे कोण सांगणार, तेही विचारलं नाही; ते मला ठाऊक होतं.

“ये भाऊ, मोजू लाग,” म्हणत त्यांनी सापळ्याची पिशवी सोडली. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली, असा हिशेब असतो. नोटा मोजायची सवय असल्यामुळे मी दोनदा मोजले.

सात होते.

“परत मोज,” भाऊजी म्हणाले. “एक पानाखाली चिपकला असन.”