जबलपूरच्या पुतळ्यामागची मैत्री

मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरला पोचलेला मराठी पर्यटक भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहतो, धुवाँधारचे तुषार अंगावर घेतो, मदनमहाल चढून येतो आणि परतीची गाडी पकडतो. महापालिकेच्या आवारातला एका स्त्रीचा पुतळा सहसा त्याच्या यादीत नसतो. झाशीच्या राणीवरची कविता हिंदी मुलखात घरोघर पोचवणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान यांचा हा पुतळा. २७ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याचे अनावरण झाले ते कवयित्री महादेवी वर्मा यांच्या हस्ते. दोघींचे नाते जुळले होते अलाहाबादेत, एका कॉलेजच्या वसतिगृहात.

अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींच्या 'सोरॉरिटी' असतात, म्हणजे भगिनी मंडळेच. ग्रीक अक्षरांचे नाव, बिल्ला, शपथ, नव्या मुलीला सामावून घेण्याचा समारंभ असा त्यांचा थाट. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट गर्ल्स कॉलेजात असे काही नव्हते. पण भगिनीभाव होता, आणि त्याच्या रीतीही होत्या.

एका खोलीत चौघी राहत. सुभद्रा सातवीत, महादेवी पाचवीत. थोरलीच्या कवितांचे नाव झालेले. धाकटी मात्र लपूनछपून लिहायची. एके दिवशी सुभद्राने तिच्या डेस्कची झडती घेतली, कविता बाहेर काढल्या आणि तिचा हात धरून साऱ्या वसतिगृहात सांगत सुटली, ही कविता लिहिते! महादेवींचा दीक्षाविधी तो हाच. मग इतर मुली खेळायला गेल्या की या दोघी झाडाच्या फांदीवर बसून कविता जुळवू लागल्या.

पुढे महादेवींना एका कविसंमेलनात चांदीचा नक्षीदार वाडगा मिळाला. सुभद्राने लगेच त्यात खीर खाऊ घालण्याचे वचन घेतले. पण आनंद भवनात आलेल्या गांधीजींना महादेवींनी तो दाखवला आणि त्यांनी तो देशकार्यासाठी मागून घेतला. सुभद्राने खीर काही सोडली नाही; वाडगा पितळेचा असो की काशाचा!

सुभद्रा गेल्यावर तिच्या जागी आली कोल्हापूरची झेबुन्निसा. काठाची साडी नेसायची, मराठीमिश्रित हिंदी बोलायची. महादेवींना कवितेला वेळ मिळावा म्हणून त्यांचे डेस्क पुसायची, पुस्तके लावून ठेवायची. शिक्षिकेने देशी कावळा मराठी बोलतो म्हणून थट्टा केली, तर मराठी कावळा मराठीच बोलणार, असे तिचे उत्तर तयार! कुणी अवधी बोले, कुणी बुंदेली. प्रार्थनेला आणि जेवायला मात्र सगळ्या एकत्र.

१९१९ मध्ये सुभद्राकुमारींचे लग्न खांडव्याच्या लक्ष्मणसिंह चौहानांशी झाले आणि पुढे जबलपूर ही त्यांची कर्मभूमी झाली. लग्नानंतर मुलींच्या मैत्रिणी बहुधा माहेरीच राहून जात. इथे तसे झाले नाही. सुभद्राकुमारी १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नागपूरला तुरुंगात गेल्या. संसार, मुले आणि चळवळ सांभाळत त्यांनी लिहिले. माणसाला माणसाचे दान करण्याचा हक्कच काय, असे विचारून मुलीचे कन्यादान त्यांनी नाकारले. महादेवी प्रयाग महिला विद्यापीठात मुलींच्या शिक्षणाला वाहून घेत होत्या. वाटा वेगळ्या झाल्या, पण मैत्री तुटली नाही.

१५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटार अपघातात सुभद्राकुमारी गेल्या. वय अवघे त्रेचाळीस. पुढच्याच वर्षी पुतळ्यावरचा पडदा दूर करायला जबलपुरात आली ती त्यांच्या खोलीतली धाकटी मैत्रीण.

महादेवींनी उतारवयात त्या वसतिगृहाच्या आठवणी सांगितल्या. तो सलोखा आता स्वप्नासारखा वाटतो, ते स्वप्न खरे झाले असते तर देशाची कहाणी निराळी असती, असे त्यांनी म्हटले आहे. जबलपूरला गेलात, तर भेडाघाटची बस पकडण्यापूर्वी महापालिकेच्या आवारात जरूर डोकवा.