नावाचे देणे

'नाव' या दोन अक्षरांच्या शब्दावर आपल्या भाषेने केवढा मोठा संसार उभा केला आहे! माणूस नाव कमावतो, मुलगा बापाचे नाव काढतो, एखादा करंटा ते घालवतो. बारशाच्या दिवशी आपण बाळाचे नाव ठेवतो आणि पुढे जन्मभर शेजारपाजार त्याला नावे ठेवतो. क्रियापद तेच, अनुस्वारासारखी बारीकशी एक मात्रा वाढली की कौतुकाची निंदा होते. मर्सिडीज-बेंझ या जर्मन मोटारीचा इतिहास मी गेली काही वर्षे सवडीप्रमाणे वाचत आलो आहे. मोटारशास्त्रातले मला फारसे कळत नाही आणि ती मोटार दारात उभी करण्याचा योग या जन्मी येईल असेही नाही. तरीही त्या इतिहासाने मला धरून ठेवले, ते त्यातल्या यंत्रांमुळे नव्हे. नाव कसे मिळते, ते कोण मिळवून देते आणि मिळालेल्या नावाबरोबर काय काय पदरात येते, याची ती एक लांबलचक गोष्ट आहे, म्हणून.

गोष्टीचा आरंभ दोन माणसांपासून होतो. मानहाइम या गावी कार्ल बेंझ आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कानश्टाट येथे गोटलीब डाइमलर, असे दोघेजण एकाच काळात, स्वतंत्रपणे, घोड्यावाचून चालणारी गाडी घडवीत होते. २९ जानेवारी १८८६ रोजी बेंझने आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ३७४३५ क्रमांकाचे ते पेटंट म्हणजे मोटारीचा जन्मदाखला मानला जातो. गाडीची शक्ती एका घोड्याच्याही आत होती आणि वेग ताशी फार तर सोळा किलोमीटर. डाइमलरच्या पाठीशी विल्हेल्म मायबाख हा असाधारण बुद्धीचा यंत्रज्ञ होता. त्यांनी १८८५ साली एका दुचाकीवर आणि १८८६ साली घोडागाडीवर आपले एंजिन बसवले. एकाच विद्येचे हे दोन उपासक आयुष्यात एकदाही भेटले नाहीत, असे सांगतात. त्यांची नावे जोडली गेली ती दोघांच्या पेढ्या १९२६ साली एक झाल्या तेव्हा. डाइमलर १९०० सालीच वारला होता. वृद्ध बेंझला मात्र तो दिवस पाहायला मिळाला.

पण मोटार बनली म्हणजे तिचे नाव झाले असे नाही. बेंझची गाडी लोक विकत घ्यायला तयार नव्हते. तिचे नाव केले ते त्याच्या पत्नीने, बेर्टा बेंझने. लग्नापूर्वीच तिने आपल्या वाट्याचा हुंडा माहेराहून मागून घेतला आणि अडचणीत आलेल्या नियोजित वराच्या कारखान्यात घातला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन ती ही गाडी घेऊन निघाली आणि मानहाइमहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या फॉर्त्सहाइमला, आपल्या माहेरी, पोचली. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधविक्याकडून तिने लिग्रोइन हे डाग काढण्याचे द्रव विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी धापा टाकते आणि मुलांना खाली उतरून ढकलावी लागते, हे तिने घरी आल्यावर नवऱ्याला सांगितले आणि गाडीला चढाचा आणखी एक गिअर मिळाला. कारखान्याच्या पाटीवर या बाईचे नाव नव्हते. पण त्या पाटीला किंमत आली ती तिच्या या माहेरवारीने.

'मर्सिडीज' हे नाव तर आणखी निराळ्या घरून आले. एमिल येलिनेक नावाचा एक धनिक व्यापारी फ्रान्समधल्या नीस शहरी राहत असे आणि डाइमलरच्या मोटारी उच्चभ्रू वर्तुळात विकत असे. शर्यतीत उतरताना तो आपल्या मुलीचे नाव घेई. मुलीचे नाव मर्सिडीज. या स्पॅनिश नावात दया, कृपा असा अर्थ आहे. येलिनेकच्या आग्रहावरून मायबाखने पस्तीस अश्वशक्तीची, बुटकी, लांब आणि भक्कम अशी नवी गाडी घडवली. १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने सर्वांना मागे टाकले. १९०२ मध्ये ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले आणि पुढच्याच वर्षी खुद्द येलिनेकने आपल्या आडनावाला मुलीचे नाव जोडून घेतले. आपल्याकडे मुले बापाचे नाव लावतात. इथे बापाने मुलीचे लावले. ती मुलगी १९२९ साली, वयाची चाळिशीही न गाठता, व्हिएन्नात वारली. तिचे आजोबा, आडोल्फ येलिनेक, त्या काळचे नामांकित ज्यू धर्मगुरू होते. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे बोचणार आहे.

नावाला चिन्ह मिळाले तीन टोकांच्या ताऱ्याचे. डाइमलरने एकदा पत्नीला पाठवलेल्या चित्रपत्रावर आपल्या राहत्या घरावर एक तारा काढला होता. ती आठवण धरून १९०९ साली हे चिन्ह नोंदवले गेले, आणि जमीन, पाणी व आकाश या तिन्ही ठिकाणी आपली एंजिने चालावीत असा त्या तीन टोकांचा अर्थ लावला गेला.

हा तारा मी प्रथम पाहिला तो कुणा श्रीमंताच्या मोटारीवर नाही. माझे बालपण इंदुरात, आग्रा-मुंबई रस्त्यालगतच्या वस्तीत गेले. त्या रस्त्याने दिवसरात्र मालमोटारी धावत आणि त्यांच्यातल्या बऱ्याचजणींच्या नाकावर तो तारा असे. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार केला होता. जमशेदपूरला बनणाऱ्या त्या गाड्या 'टाटा मर्सिडीज-बेंझ' म्हणून ओळखल्या जात आणि ड्रायव्हर त्यांना नुसते 'मर्सिडीज' म्हणत. युरोपात जे नाव उमरावांच्या बैठकीत घेतले जाई, ते आमच्याकडे गव्हाची, कापसाची पोती वाहत होते. करार १९६९ मध्ये संपला, तारा जाऊन टाटांचे 'टी' हे अक्षर आले, आणि गाडी धावतच राहिली. हे साधले त्यात मोठा वाटा सुमंत मुळगावकर या मराठी माणसाचा होता. परकी विद्या शिकून घ्यायची आणि मुदत संपेपर्यंत स्वतःच्या पायांवर उभे राहायचे, हा त्यांचा बाणा. पुण्याचा कारखाना त्यांच्याच दृष्टीतून उभा राहिला, आणि १९९४ साली आलेल्या 'सुमो' गाडीच्या नावात त्यांच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे आहेत. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी पुण्याजवळ तिच्या मोटारी बनू लागल्या. २००९ पासून त्यांचा कारखाना चाकणला आहे.

आम्ही मुले ज्या ताऱ्याकडे कौतुकाने पाहत होतो, त्याच्या मागले पान मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. हिटलरच्या मिरवणुकींतली ती प्रचंड, उघड्या टपाची मोटार मर्सिडीज होती. एका ज्यू धर्मगुरूच्या नातीचे नाव घेऊन ती ज्यूंच्या संहारकाला मिरवत होती! नियतीचा याहून क्रूर विनोद कोणता? पण विनोदावर थांबता येत नाही. युद्धकाळात या कंपनीच्या कारखान्यांत मालमोटारी आणि लढाऊ विमानांची एंजिने तयार होत, आणि ती करणारे हात हळूहळू बदलत गेले. १९४४ साली कंपनीत ६३,६१० माणसे कामाला होती. त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे जिंकलेल्या देशांतून आणलेले वेठबिगार, युद्धकैदी किंवा छळछावण्यांतले बंदिवान होते. बर्लिनच्या दक्षिणेला गेन्सहागन येथील एंजिनांच्या कारखान्यात राव्हेन्सब्रुकच्या छावणीतून आणलेल्या हजाराहून अधिक स्त्रिया राबत होत्या. त्याच वर्षीच्या ३ मे रोजी बेर्टा बेंझला पंचाण्णव वर्षे पुरी झाली. त्या दिवशी कार्ल्सरुहच्या तांत्रिक विद्यापीठाने तिला मानाचे पद दिले आणि दोनच दिवसांनी ती निवर्तली. हुंड्याच्या पैशांवर आणि टोपीच्या पिनेवर जे नाव तिने उभे केले, ते तिच्या डोळ्यांदेखत कुठे जाऊन पोचले होते!

युद्धानंतर नाव पुन्हा उजळले, आणि ते फुकट उजळले नाही. बेला बारेनी या अभियंत्याने असा विचार मांडला की अपघातात गाडीचा पुढचा-मागचा भाग चुरगळला पाहिजे, म्हणजे मधल्या माणसांना लागणारा धक्का तो पिऊन टाकील. गाडी जितकी कणखर तितकी सुरक्षित, या समजुतीच्या हे अगदी उलट होते. १९५१ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९५९ पासून ती प्रत्यक्ष गाड्यांत आली. १९७८ साली चाके न अडकता गाडी थांबवणारे इलेक्ट्रॉनिक ब्रेक आले. पुढे ही साधने सर्वच कंपन्यांच्या गाड्यांत गेली. आज आपली मुले ज्या साध्या मोटारींतून प्रवास करतात, त्यांच्या सुरक्षिततेतही या कामाचा अंश आहे. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मग मागल्या पानाचे काय झाले? बरीच वर्षे काहीच झाले नाही. १९८६ मध्ये मोटारीची शताब्दी आली, तसे प्रश्न विचारले जाऊ लागले. नाझी काळावर कंपनीच्या पुढाकाराने ग्रंथ निघाला. त्यात वेठीच्या मजुरांना पुरेशी जागा मिळाली नाही अशी टीका झाली. दुसऱ्या संशोधकांनी उलट बाजूचा ग्रंथ काढला. १९८८ साली कंपनीने वेगवेगळ्या संस्थांमार्फत दोन कोटी मार्क दिले. १९९४ मध्ये केवळ वेठबिगारीवरचा स्वतंत्र, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योग यांनी निम्मा-निम्मा वाटा उचलून एक हजार कोटी मार्कांहून अधिक रकमेचा निधी उभारला. त्यातही ही कंपनी होती. २००७ पर्यंत त्यातून सोळा लाखांहून अधिक माणसांना पैसे पोचले. एकेकाला मिळालेली रक्कम जास्तीत जास्त पंधरा हजार मार्क, आणि तीही साठ वर्षांनी. घेणाऱ्यांतले बहुतेक तोवर गेलेले होते. एवढ्याने देणे फिटले असे कोण म्हणेल? पण देणे आहे, हे कागदावर आले.

एकदा कबूल केले म्हणजे कायमची सवय लागते, असेही नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये एका नियतकालिकाच्या चाचणीत कंपनीची नवी छोटी गाडी वळणावर उलटली. आधी टाळाटाळ झाली. मग विक्री थांबवून प्रत्येक गाडीत तोल सांभाळणारी यंत्रणा बसवली गेली, आणि नाव वाचले. पुढे डिझेल गाड्यांच्या धुराचे प्रकरण निघाले. २०१९ साली जर्मनीत सत्याऐंशी कोटी युरोंचा दंड झाला, तर २०२० साली अमेरिकेत आरोप मान्य न करता दीडशे कोटी डॉलरांची तडजोड झाली. २०२२ पासून कंपनीच्या नावातून 'डाइमलर' गेले आणि 'मर्सिडीज-बेंझ' एवढेच उरले. यंत्रज्ञाचे नाव मागे पडले, व्यापाऱ्याच्या मुलीचे टिकले.

हे सारे मी वाचत असताना आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापण्याचे ठरले आणि माळव्यातल्या शाखेचे काम माझ्याकडे आले. होळकरशाहीत आमच्या पूर्वजांकडे एका गावचे इनाम होते. सनद चौकटीत घालून आम्ही भिंतीवर लावली आहे. त्याच दप्तरातल्या एका मोडी वहीत वाडा बांधल्याचा जमाखर्च आहे. गाड्यांना जुंपलेल्या बैलांची त्यात नावे आहेत: सर्जा, पाखऱ्या, मोत्या. दगड वाहणाऱ्या माणसांबद्दल एवढेच आहे: 'वेठीची माणसे ११'. मजुरीचा रकाना कोरा. थोरले चुलतभाऊ म्हणाले, "अरे, वृत्तांत लिहायचा तो घराण्याचे नाव काढायला. ही पाने आता कशाला उघडतोस?" त्यांच्या म्हणण्यात माया होती, म्हणून उत्तर देणे अवघड गेले. मी म्हटले, "दादा, सनद आपण लावली नसती तर वहीही मिटून ठेवता आली असती. एकाच दप्तरातली आहेत दोन्ही."

आपण सगळे दूर देशी येऊन राहिलेल्यांचे वंशज. नवी ओळख होताना आपण आधी आडनाव सांगतो, मग मूळ गाव, मग कोणत्या स्वारीबरोबर कोण आले ते. या नावावर आपल्याला घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, सोयरिकी जुळल्या. तो वारसा मी नाकारत नाही. पण वारशाच्या मालमत्तेबरोबर वारशाचे कर्जही येते, हे आपल्या वाडवडिलांना कोणत्याही जर्मन कंपनीच्या आधीपासून ठाऊक होते. बापाचे देणे फेडल्यावाचून त्याचे नाव लावू नये, असे ते मानीत. त्या अकरा जणांची नावे आता कुठूनही मिळणार नाहीत. ती मिळती तर सनदेच्याच पानावर छापली असती. कुलवृत्तांताच्या नव्या मुद्रितात मी वहीतली ती ओळ जशीच्या तशी ठेवली आहे, कोऱ्या रकान्यासकट. दादांनी मुद्रिते तपासून परत पाठवली, तेव्हा त्या ओळीवर त्यांनी काट मारलेली नव्हती.