कपाटामागची भिंत

घर विकायचं तर ते जसं आहे तसं दाखवावं, असं माझं अनेक वर्षांचं ठाम मत होतं. रंगरंगोटी केलेलं, सामान हलवून मोकळं केलेलं, भर दुपारी सगळे दिवे लावून दाखवलेलं घर मला खोटं वाटायचं. घेणाऱ्याने नांदतं घर बघावं, ओट्यावरचे डाग बघावेत, दारांच्या कुरकुरीसकट पटलं तर घ्यावं. विकणाऱ्याने काही झाकू नये आणि काही सजवू नये. आता माझं मत तसं नाही. ते का बदललं आणि किती बदललं, हे सांगावंसं वाटतं, कारण माझ्या वयाच्या कितीतरी जणांवर आज आईवडिलांचं घर विकायची वेळ आली आहे.

आमचं घर कोथरूडचं. ऐंशीच्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बाबा गेल्यानंतर आई तिथे हिमतीने एकटी राहिली, पण गुडघ्यांनी जिना नाकारला आणि तिने माझ्याकडे यायचं ठरवलं. दादा अमेरिकेत, सिॲटलजवळ राहतो. त्याने तिकडचं घर विकलं तेव्हा एजंटने घर सजवणारी एक बाई पाठवली होती. तिने घरच्यांचे फोटो उतरवायला लावले, अर्धं फर्निचर गोदामात पाठवलं आणि भाड्याने सोफा आणला. ही पद्धत मुळात सिॲटलच्याच परिसरातली. बार्ब श्वार्ट्झ या घरविक्रीच्या एजंट बाईंनी ती १९७२ पासून रुजवली असं मानलं जातं, आणि त्यांची पार्श्वभूमी रंगभूमीची. दादाने हे सांगितल्यावर मला माझी शंका खरी वाटली. घराचा रंगमंच करायचा आणि आपण तिथे कधी राहिलोच नव्हतो असं भासवायचं, हे मला पटेना. फोनवर आमचा चांगलाच वाद झाला.

मत हललं ते पुतणीबरोबर फ्लॅट बघत फिरताना. तिला रीसेलचा फ्लॅट हवा होता, म्हणून कर्वेनगर, वारजे, सिंहगड रस्ता असं फिरत होतो. जवळजवळ प्रत्येक घर माझ्या मनासारखं, जसं आहे तसं दाखवलेलं. भिंतीला चिकटून बॉक्सबेड, त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, माळ्यावर गाद्या आणि सूटकेसा, बंद केलेल्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि सायकल. माझ्या हातात मोजपट्टी होती, पण भिंतीपर्यंत पोचायला जागा नव्हती. घरातली माणसं संकोचून बाजूला उभी राहायची. त्यांना ‘जरा पलंग सरकवता का’ म्हणायची आमची हिंमत होत नसे. बाहेर पडल्यावर पुतणीला खोली दहा बाय दहा होती की दहा बाय बारा, तेही आठवत नसे. त्या घरातली मुलगी बारावीला आहे हे मात्र आम्हाला नक्की कळलेलं असे.

त्यातच एक रिकामा फ्लॅट बघायला मिळाला, भाडेकरू सोडून गेलेला. तिथे सगळं समोर होतं. खिडकीच्या लिंटेलवरची तिरकी चीर, बाथरूमचा चुकीच्या बाजूला गेलेला उतार, स्वयंपाकघरात एकच प्लगपॉइंट. पुतणीने तिथेच फोनवर दुरुस्तीचा अंदाजे हिशेब मांडला आणि तेवढी रक्कम वजा करून ऑफर दिली. व्यवहार जमला नाही, ती गोष्ट वेगळी. पण इतक्या घरांमध्ये ते एकच घर तिला नीट कळलं होतं, दोषांसकट. मी तर सामानाने भरलेल्या घरालाच प्रामाणिक समजत होते.

आमच्या घराची तयारी सुरू झाली तेव्हा हे डोक्यात होतं, म्हणून पहिल्यांदा आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवलं. माझ्या आठवणीत ते तिथून कधी हललेलंच नव्हतं. मागच्या भिंतीला कमरेच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. पांढरा खार वर आलेला, प्लास्टर हाताने निघत होतं. पलीकडे बाथरूम. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. घर ‘जसं आहे तसं’ दाखवलं असतं तर कपाट जागेवर राहिलं असतं आणि कुणाच्याही मनात काळंबेरं नसताना ती ओल नव्या माणसाच्या गळ्यात पडली असती.

एजंटने एका वाक्यात सल्ला दिला, “मॅडम, एक हात रंगाचा मारा, दसऱ्याला पार्टी आणतो.” पावसाळा ओसरला की भिंती वरवर सुकतात, रंग बसतो आणि दसरा-दिवाळीला गिऱ्हाइकं बाहेर पडतात, हे त्याचं गणित. पण ओल्या भिंतीवरचा रंग टिकत नाही. आतला ओलावा बाहेर येताना क्षार घेऊन येतो, रंग फुगे धरतो आणि पोपडे सुटतात. तोवर खरेदीखत होऊन गेलेलं असतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे, आणि त्याच्या ५५व्या कलमात विकणाऱ्याचं कर्तव्य स्पष्ट आहे. त्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. घर बघायला आलेला कुठला माणूस परक्याचं कपाट हलवतो? तेव्हा कपाटामागची भिंत सांगायची जबाबदारी आमचीच होती.

आम्ही बाथरूम उघडलं. फरशीखालचा कोबा नहाणी ट्रॅपच्या भोवती चिरला होता आणि पाणी तिथून भिंतीत शिरत होतं. जुनी फरशी काढून ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं. मग बाथरूममध्ये पाणी कोंडून ठेवलं आणि पलीकडची भिंत आणि खालच्यांचं छत, दोन्हीवर लक्ष ठेवलं. कुठे डाग उमटला नाही, तेव्हाच फरशी बसवू दिली. खराब प्लास्टर विटेपर्यंत खरवडलं, नवं केलं, आणि ते पुरतं वाळेपर्यंत रंगाऱ्याला थांबवून ठेवलं. एजंट वैतागला. पण या वाळण्याच्या काळात घाई केली की आधीचं सगळं फुकट जातं, हे गवंड्याने बजावलं होतं.

बाकी फारसं काही केलं नाही. मोझेक फरशीला मशीनने पॉलिश केलं आणि तिच्यातले लाल-काळे खडे पुन्हा उठून दिसले. तिच्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, असं दोघातिघांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. येणारा माणूस आपल्या आवडीने तोडफोड करणारच असतो, त्याच्यासाठी आपण अंदाजाने पैसे घालू नयेत. कडाप्प्याचा ओटाही तसाच ठेवला.

माझा सर्वांत मोठा विरोध होता तो सामान आणि फोटो उतरवण्याला. आईला तिच्याच घरात परकं वाटेल, अशी मला भीती होती. पण सामान काढायचं काम तिने तब्येतीने, रोज थोडं थोडं केलं. बंब कुणाला, पितळी पातेली कुणाला, पाटा-वरवंटा कोण नेईल, हे तिने स्वतः ठरवलं. बोहारणीशी घासाघीस केली. बाबांच्या वह्या पानं उलटून वाचल्या, काही ठेवल्या, काही रद्दीत दिल्या. व्यवहार ठरल्यावर शेवटच्या दोन दिवसांत पॅकर्सच्या हातात घर दिलं असतं, तर यातला एकही निर्णय तिच्या वाट्याला आला नसता. कपाटं आम्ही भरभर खोक्यांत ओतली असती. बाबांचा फोटो तिने आधी माझ्या घरी लावून घेतला. देवघर मात्र शेवटपर्यंत हलवलं नाही आणि मीही तो आग्रह धरला नाही.

कागदांबद्दल आमच्यात कधीच मतभेद नव्हता. शेअर सर्टिफिकेट बाबांच्या नावावर होतं. आई नॉमिनी होती, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून दादाचं आणि माझं हक्कसोडपत्र करून सगळं आईच्या नावावर घेतलं. मूळ करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराच्या पावत्या, सोसायटीचा ना-देय दाखला, सगळी फाइल लावली. या कामाला मी कधी सजावट म्हटलं नव्हतं. घेणाऱ्याला व्यवहार स्वच्छ दिसावा म्हणून विकणाऱ्याने घ्यायचे हे कष्ट, असंच मी मानत आले. मग भिंत आणि जमीन स्वच्छ दिसावी म्हणून घेतलेल्या कष्टांना मी वेगळा न्याय का लावत होते, याचं उत्तर मला सापडलं नाही. बाथरूमच्या कामाचं बिल आणि भिंत खरवडलेली असतानाचे फोटोही मी त्याच फाइलमध्ये लावले आणि प्रत्येक येणाऱ्याला दाखवले. एजंटला ते आवडलं नाही. काही माणसं ओल हा शब्द ऐकूनच गेली. ज्या कुटुंबाने शेवटी इसार दिला, त्यांनी गवंड्याचा नंबर मागून घेतला.

दादाचं सगळंच मला पटलं आहे असं नाही. बेडरूम मोठी दिसावी म्हणून नेहमीपेक्षा आखूड पलंग भाड्याने आणून ठेवणं, दमट वास दबावा म्हणून अत्तराचे फवारे मारणं, खिडकीसमोरची भिंत दिसू नये म्हणून जाड पडदा ओढून ठेवणं, हे मला आजही मान्य नाही. तो म्हणतो, सामान काढलेलं चालतं तर आणलेलं का चालू नये, हेतू एकच. मी त्याला म्हणते, काढल्यावर घेणाऱ्याला जास्त दिसतं, आणल्यावर कमी. तो म्हणतो, रिकाम्या खोलीत पलंग मावेल की नाही हे बहुतेकांना कळत नाही, त्यांच्यासाठी पलंग ठेवणं हीदेखील मदतच. त्यात तथ्य आहे. पूर्ण मापाचा पलंग असेल तर माझी हरकत नाही, एवढ्यापर्यंत मी आले आहे.