इंजिनाचे पथ्य

स्वतःच्या आहाराविषयी ज्याला मत नाही असा मनुष्य विरळाच. पण दुसऱ्याच्या गाडीच्या आहाराविषयी ज्याला मत नाही असा मनुष्य यवतमाळात तरी मला अजून भेटावयाचा आहे. माझ्याजवळ एक टू-स्ट्रोक स्कूटर आहे. तिने पंचविशी केव्हाच ओलांडली. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळला जाऊ लागल्यापासून तिच्या प्रकृतीची विचारपूस माझ्या प्रकृतीपेक्षा अधिक आस्थेने होत असते, आणि प्रत्येक विचारपुशीच्या शेपटाला एक सल्ला जोडलेला असतो.

या सल्लागारांचे ढोबळमानाने तीन पंथ पडतात. पहिला पंथ ‘महाग ते उत्तम’ असे मानणाऱ्यांचा. दुसरा सढळ हाताचा. पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्तच घालावे, असे तो सांगतो. तिसरा पंथ निश्चिंत वृत्तीचा आहे. पंपावर जे मिळते ते सर्व गाड्यांना सारखेच मानवते, अशी त्याची श्रद्धा आहे.

पहिल्या पंथाचे दैवत म्हणजे ऑक्टेन. वस्तुतः हा आकडा पेट्रोलच्या शक्तीचा नव्हे, तर सहनशक्तीचा आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते, ठिणगी पडते, आणि ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे शिस्तीने सरकते. दाब आणि उष्णता यांचा अतिरेक झाला तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरचे मिश्रण आपण होऊन भडकते आणि आतून हातोडी बसल्यासारखा आवाज येतो. हा भडका कोणते पेट्रोल किती टाळू शकते, ते ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. ज्या इंजिनात दाब मोठा, त्याला आकडाही मोठा लागतो. माझ्या स्कूटरचा दाब बेताचा. साध्या पेट्रोलचा आकडा तिला पुरून उरतो. शिवाय मद्यार्काचा स्वतःचा ऑक्टेन शंभराहून अधिक असल्याने मिश्र पेट्रोलची सहनशक्ती आपोआपच वाढते. अशा गाडीला याहून महागडे पेट्रोल पाजणे म्हणजे रोज बाजारापर्यंत चालत जाणाऱ्या गृहस्थाने पहिलवानाचा खुराक घेण्यासारखे आहे. आमच्या मेकॅनिकने हे सारे शास्त्र एका वाक्यात सांगितले : “सर, तिले महागाचं कायले पाजता? तिले जे पचते तेच द्या ना.”

दुसऱ्या पंथाची उदारता अशीच अस्थानी आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात वंगणाची निराळी सोय असते. टू-स्ट्रोकला ती नाही. पेट्रोलबरोबर आलेले ऑइल जाता जाता पिस्टनला माखते आणि शेवटी जळून जाते. माझ्या गाडीला ते २ टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर लागते. कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. जास्त झाले तर प्लग काळवंडतो, सायलेन्सर चोंदतो, आणि मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या नाकात निळा धूर जातो. औषधाची मात्रा वैद्याने ठरवावी, रोग्याच्या आप्तांनी नव्हे.

राहिला तिसरा पंथ. त्याची समजूत घालणे सर्वांत कठीण, कारण तो अर्धा बरोबर आहे. इथेनॉलचा प्रयोग काही परवाचा नव्हे. २००१ साली त्याच्या पहिल्या चाचण्या झाल्या, त्यांत आपल्या महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण विक्रीस आले. २०२२ च्या जूनमध्ये देशाने १० टक्क्यांचा पल्ला गाठला. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ज्याची विक्री सुरू झाली ते २० टक्क्यांचे मिश्रण २०२५ साली देशभर रूढ झाले. नव्या गाड्या त्याच बेताने घडविल्या जातात, आणि त्यांना ते मानवते यात संशय नाही.

जुन्या गाडीची गोष्ट निराळी. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच उष्णता असते. पाचवा हिस्सा तो असला म्हणजे एकूण उष्णतेत पंधराव्या हिश्श्याची तूट आली. प्रत्यक्षात सगळी तूट चाकापर्यंत येत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात असा अंदाज आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. दुसरे असे की, मद्यार्क जुन्या रबराला आणि काही प्लास्टिकला मानवत नाही; नळ्या फुगतात, तडकतात, आणि इंजिनाच्या शेजारी पेट्रोल ठिबकू लागले म्हणजे प्रश्न मायलेजचा राहत नाही. तिसरे, तो पाणी ओढून घेतो. पाणी फार झाले की दोघे हातात हात घालून टाकीच्या तळाशी जाऊन बसतात.

इंधनाला ऋतूही पाहावा लागतो. कॅनडासारख्या देशात हिवाळ्यासाठी पेट्रोल मुद्दाम अधिक उडून जाणारे बनवितात, कारण बर्फावरून धावणाऱ्या गाडीचे गारठलेले इंजिन एरवी सहजी पेटत नाही. आमच्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर चढतो आणि पेट्रोल टाकीतून आपणच उडून जाऊ पाहते. पुढे श्रावणात हवाच ओली असते. म्हणून जुन्या गाडीचे पथ्य साधे आहे : बेताचे आणि ताजे पेट्रोल भरावे, महिनेन् महिने टाकीत साठवू नये, मद्यार्क सोसणारी नवी नळी बसवावी, आणि कार्ब्युरेटर जाणत्या हाताकडून जुळवून घ्यावा.

मी हे पथ्य सांभाळू शकतो. पण माझ्या वर्गात वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणारे विद्यार्थी आहेत. त्यांच्या बुडाखालची गाडी बहुधा वडिलांची, कधी काकांनी वापरून दिलेली. मायलेजची तूट पुस्तकांच्या पैशांतून भरून निघते, आणि नवी नळी पुढच्या महिन्यावर जाते. इथेनॉलचा पैसा शेतकऱ्याच्या घरी जातो, हे म्हणणे खोटे नाही. पैनगंगेच्या काठी, उमरखेडकडे, ऊस आहे. पोफाळीला साखर कारखानाही निघाला. पण आमचा बहुतेक जिल्हा कोरडवाहू कापसाचा, आणि कापूस काही अजून पेट्रोलच्या टाकीत उतरलेला नाही. वणी-घाटंजीकडच्या कापूसवाल्याच्या मुलाने जुन्या गाडीची झीज सोसायची आणि लाभ ओलिताच्या गावाला, हा हिशेब कोणीतरी मांडून पाहिला पाहिजे.

कोणी म्हणेल की, एवढा विचार इंजिनाचाच केला तर देशाचे काय? खरे आहे, केवळ इंजिनाचे मन राखल्याने काय होते तेही जगाने पाहिले आहे. १९२१ साली अमेरिकेत असा शोध लागला की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की तो हातोडीचा आवाज थांबतो. इंजिने सुखावली. तेच शिसे धुरावाटे मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारताने ते १ फेब्रुवारी २००० रोजी बंद केले. जगातून त्याचे पूर्ण उच्चाटन व्हावयास २०२१ साल उजाडावे लागले. इंजिनाला जे मानवते ते श्वास घेणाऱ्याला मानवतेच असे नाही, आणि देशाला जे मानवते ते प्रत्येक इंजिनाला मानवतेच असेही नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. नीती आयोगाच्या त्याच अहवालात जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल उपलब्ध राहावे असे सुचविले होते. ते मिळावे, निदान तालुक्याच्या एखाद्या पंपावर तरी. आज तेथे निवड उरते ती साधे की महागडे एवढीच, आणि आमच्या मेकॅनिकच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. जुन्या गाडीला जे पचते ते मिळण्याची सोय झाली, तर सल्लागारांचे तिन्ही पंथ निरुद्योगी होतील हे खरे. पण सकाळच्या तासाला उशिरा येणारी चार मुले कदाचित वेळेवर येऊ लागतील.